पाटाचें पाणी आणि प्राध्यापकी : नगर जिल्ह्यांतील एका विद्यापरंपरेविषयीं टिपण

(१) साधन कसें मिळालें

प्रवराकांठच्या एका खेड्यांतील जुन्या वाड्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत आला. घरधनी आमचे जुने विद्यार्थी. वाडा पाडून नवें घर बांधावयाचें म्हणून माळ्यावरचे रुमाल त्यांनीं खालीं काढून ठेविले होते. आमच्या आधीं एक संग्राहक येऊन गेले होते. त्यांनीं मोडी कागद व दोन सनदा योग्य किंमत देऊन नेल्या. आणि उरलेला गठ्ठा, यांत नुसते छापील कागद आहेत, इतिहास नाहीं, असें सांगून रद्दीच्या ढिगाकडे सारला. आम्हीं तो सोडून पाहिला. पाणीपट्टीच्या पावत्या, सात नंबरच्या पाणी-अर्जांच्या नकला, आडसाली उसाचे हिशेब, गुऱ्हाळाचा रोजमेळ, आणि सर्वांच्या तळाशीं पेन्सिलीनें भरलेलीं चार पानें असा तो ऐवज होता.

हीं चार पानें कोणा पाहणी करणाराच्या प्रश्नावलीचीं आहेत. कुटुंबांत माणसें किती, त्यांचीं वयें काय, बैल किती, पाट येण्यापूर्वीं शेतांत काय पिकत होतें, आतां काय पिकतें, कर्ज किती व कोणाचें, विहिरीस पाणी किती हातांवर, असे प्रश्न असून समोर उत्तरें आहेत. तारीख नाहीं, सही नाहीं, संस्थेचें नांवहि नाहीं. परंतु धाकट्या मुलाचें वय तीन वर्षें असें लिहिलें आहे, आणि त्याच मुलाची जन्मपत्रिका देवघरांतील पेटींत मिळाली. तिजवर शके १८५८ आहे. तेव्हां हीं पानें शके १८६१ च्या आगेंमागें, म्हणजे इ. स. १९३९-४० च्या सुमारास लिहिलीं गेलीं, असें मानण्यास हरकत नाहीं.

त्या पानांच्या निमित्तानें आम्हांस एक गोष्ट संशोधक मित्रांपुढें मांडावयाची आहे. जमीन, पाणी, अरण्य आणि समुद्र यांविषयीं राज्यास सल्ला देणारा विद्यापीठाचा प्राध्यापक हा एक नवा अधिकारी गेल्या शतकांत आपल्याकडे निर्माण झाला. त्याच्या घडणीचा एक महत्त्वाचा भाग नगर जिल्ह्यांतील पाटांवर घडला. आणि त्या घडणीचीं साधनें आम्हां संग्राहकांच्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहेत.

(२) पूर्वपीठिका

या विषयाचें ज्ञान पूर्वीं शिक्षकापाशीं नव्हतें, अधिकाऱ्यापाशीं होतें. कौटिलीय अर्थशास्त्रांत शेतीवर सीताध्यक्ष, वनोत्पन्नावर कुप्याध्यक्ष व जलमार्गांवर नावध्यक्ष अशीं निरनिराळीं पदें सांगितलीं आहेत. या अध्यक्षांना आपापल्या विषयाची जाण असावी अशी अपेक्षा दिसते. परंतु ती जाण राजसेवेंतच वाढावयाची, पाठशाळेंत नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५) आरमाराच्या प्रकरणींच झाडांचाहि विचार केला आहे. जहाजांस लागणारें लांकूड परवानगीनें तोडावें, आंबा-फणस हीं रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें तिच्या संतोषावांचून तोडूं नयेत, असा त्याचा आशय. समुद्रावरील सत्ता, डोंगरावरील अरण्य आणि गांवांतील रयत या तिहींचा मेळ एका धोरणांत घालणारें इतकें स्पष्ट दुसरें जुनें मराठी लेखन आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमच्या नगरासहि हा विषय परका नाहीं. अहमदनगर शहरास समुद्र नाहीं. परंतु अहमदनगरच्या राज्यास होता. चौल हें निजामशाहीचें बंदर. त्यासाठीं मुर्तजा निजामशहानें १५७०-७१ मध्यें पोर्तुगिजांच्या चौलास वेढा घातला. इकडे शहरास पाणी मिळावें म्हणून दूरच्या गांवांहून खापरी नळ आणिले गेले. त्यांचे अवशेष आजहि दाखवितां येतात. (२०२४ सालीं शहर व जिल्हा यांस अहिल्यानगर हें नांव अधिकृतपणें प्राप्त झालें; तथापि आमचीं साधनें जुन्या नांवानें असल्यामुळें येथें तेंच ठेविलें आहे.) हें सर्व करणारे कारागीर, वजीर व सरदार होते. त्यांत अध्यापक कोणी नव्हता.

(३) शिक्षक शेतांत उतरतो

इंग्रजी अमदानींत पाटबंधाऱ्यांचीं मोठीं कामें निघालीं तेव्हांहि आरंभीं अधिकार इंजिनियरांचाच होता. विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं उत्तीर्ण झाले व पुढील सालीं मुंबई सरकारच्या नोकरींत शिरले. नीरा कालव्यावर पाणी वांटण्याची ब्लॉक पद्धति त्यांनीं बसविली. विद्या कॉलेजची, परंतु अधिकार खात्याचा, असा हा संधिकाल होय.

पुढचें पाऊल पुण्याच्या शेतकी कॉलेजांत पडलें. तेथील प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. कारण थोडक्यांत असें आहे. काळी खोल जमीन, उतार अल्प, निचरा नाहीं. अशा ठिकाणीं पाटाचा झिरपा व उसास दिलेलें वाजवीपेक्षां अधिक पाणी यांमुळें भूमिगत पाण्याची पातळी वर चढते. तें पाणी आपणांबरोबर क्षार आणतें. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतो. आणि चार-सहा हंगामांपूर्वीं ज्या शेतानें सोनें पिकविलें तेंच चोपण होऊन पडतें. उपाय दोनच : पाणी बेतानें देणें आणि चर खणून निचरा करणें.

या अभ्यासाचें ऐतिहासिक महत्त्व असें कीं, कालवा हें सरकारचें काम, त्याचें उत्पन्न सरकारचें, आणि त्याचे दोष दाखविणारा माणूस कॉलेजचा. मान यांनीं पुढें १९१७ व १९२१ सालीं पुणें जिल्ह्यांतील दोन खेड्यांची जमीन व श्रम यांविषयींची पाहणी प्रसिद्ध केली. दुसऱ्या पाहणींत ना. वि. कानिटकर त्यांचे सहकारी होते. घरोघर जाऊन प्रश्न विचारावयाचे, उत्तरें कोष्टकांत मांडावयाचीं, आणि त्यावरून धोरणाविषयीं बोलावयाचें ही रीत येथून रूढ होऊं लागली.

(४) गोदावरी-प्रवरा कालवे आणि धनंजयराव गाडगीळ

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. गोदावरीवर नांदूर-मधमेश्वर येथें बंधारा घालून काढलेल्या कालव्यांनीं कोपरगांवकडील मुलूख भिजूं लागला. प्रवरेवर भंडारदरा येथें १९१० सालीं सुरू झालेलें विल्सन धरणाचें काम १९२६ सालीं पुरें झालें. रतनगडाच्या परिसरांत उगम पावणाऱ्या या नदीच्या कांठीं, जेथें बाजरीची आशा आभाळाकडे पाहून करावयाची, तेथें ऊस उभा राहिला. हरेगांवास साखरेचा कारखाना निघाला, बेलापूर रोडची पेठ वाढली आणि तिचें पुढें श्रीरामपूर झालें.

या बदलाचा हिशेब कोणी मांडावयाचा? सरकारी खातें पाणीपट्टीची वसुली व भांडवलावरील व्याज एवढेंच मोजी. तेवढ्यावरून पाहिलें तर दक्षिणेंतील कालवे आतबट्ट्याचे ठरत. धनंजयराव गाडगीळांनीं प्रश्नच निराळा घातला. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी झाली. तिचा इंग्रजी अहवाल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें १९४८ सालीं प्रसिद्ध केला. कालव्याचा लाभ केवळ तिजोरींत पडत नाहीं. मजुरास मिळणारें काम, वाढणारा व्यापार, गाडीवानाचें व सुताराचें उत्पन्न यांतहि तो असतो, हा विचार त्या विषयाच्या मुळाशीं आहे.

गाडगीळांची नोकरीची वाट पाहण्यासारखी आहे. जन्म १९०१, नाशिक येथें. केंब्रिजमधील अभ्यासांतून हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. त्यानंतर सुरतेच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल. १९३० सालीं रावबहादुर काळे यांच्या देणगींतून गोखले संस्था निघाली तेव्हां तिचे पहिले संचालक. तें पद १९६६ पर्यंत. मग पुणें विद्यापीठाचे कुलगुरु, आणि १९६७ पासून योजना आयोगाचे उपाध्यक्ष. १९७१ सालीं ते निवर्तले.

या दोन टोकांच्या मध्यें नगर जिल्हा आहे. १९४५ सालीं बेलापूर रोड येथें दक्षिणेंतील कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीनें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. ज्यांच्याविषयीं अहवाल लिहिला त्यांच्याच सभेंत बसून, त्यांच्याच कारखान्याच्या जमाखर्चावर सही करणारा प्राध्यापक ही गोष्ट त्या काळीं नवी होती. पुण्याहून येऊन ज्ञान सांगून जाणें निराळें, आणि आपल्या सांगण्याचें फळ दहा गांवांबरोबर भोगणें निराळें.

एक शंका येथें नोंदविली पाहिजे. लाभ मोजणाऱ्या विद्येनें चोपण झालेल्या एकरांचा, उपशानें आटलेल्या विहिरींचा आणि पाटाच्या शेवटीं राहणाऱ्या, पाळी न पोंचलेल्या शेतकऱ्याचा हिशेब पुरता मांडला काय? मान-ताम्हाण्यांनीं १९१० सालीं दाखविलेला धोका ऊस पसरला तसा आमच्या जिल्ह्यांतहि पसरला, हें कालव्याखालचीं गांवें हिंडणारास सांगावयास नको. लाभाची बाजू व हानीची बाजू एकाच वहींत मांडली जावी ही मागणी पुढच्या पिढीनें केली.

(५) राहुरीहून समुद्रापर्यंत

१९६८ सालीं महाराष्ट्रासाठीं एकच कृषि विद्यापीठ स्थापन झालें व त्याचें केंद्र राहुरीस आलें. तेंच पुढें महात्मा फुले कृषि विद्यापीठ. पाणी देण्याची पद्धति, निचरा, क्षारयुक्त जमिनींची सुधारणा हे विषय येथें नियमित अध्यापनाचे झाले. मान यांच्या काळीं जें एका प्रिन्सिपॉलाच्या जिज्ञासेवर चालत होतें त्यास आतां विभाग, पदें व वेतनश्रेणी मिळाली.

याच वृक्षाची एक फांदी समुद्रापर्यंत गेली. मूळच्या एका विद्यापीठाची वांटणी होऊन १९६९ सालीं अकोला, आणि १९७२ सालीं परभणी व दापोली अशीं स्वतंत्र विद्यापीठें झालीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें रत्नागिरीजवळ शिरगांव येथें १९८१ सालीं मत्स्य महाविद्यालय काढलें. तेव्हां कोंकणच्या किनाऱ्यावर आज मासेमारीचें शास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाची संस्थात्मक वंशावळ लाविली तर ती एका पिढींत राहुरीच्या माळावर येऊन पोंचते. चौलच्या बंदराचा कारभार नगरांतून पाहणाऱ्या निजामशाहीची येथें आठवण व्हावी.

समुद्रविद्येची दुसरी शाखा गोव्यांत वाढली. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. नागपूरच्या अदिति पंत पुणें विद्यापीठांतून पदवी घेऊन हवाई व लंडन येथें शिकल्या, या संस्थेंत आल्या, आणि १९८३-८४ च्या मोहिमेंतून अंटार्क्टिकावर गेल्या. त्या व सुदीप्ता सेनगुप्ता या तेथें जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत. याच संस्थेचे संचालक राहिलेले सतीश शेट्ये पुढें २०१२ सालीं गोवा विद्यापीठाचे कुलगुरु झाले. संशोधनसंस्थेंतून विद्यापीठाकडे, आणि तेथून धोरणाच्या समित्यांकडे, ही वाट आतां मळलेली आहे. किनाऱ्याचें नियमन करणारी १९९१ ची अधिसूचना व तिच्या २०११ आणि २०१९ च्या आवृत्त्या यांमुळें भरतीरेषा कोठें, बांधकाम किती अंतरावर, असे प्रश्न नकाशा जाणणाऱ्या शास्त्रज्ञांवांचून सुटेनासे झाले आहेत.

(६) दुसरे गाडगीळ

वर म्हटलेल्या पुढच्या पिढींत धनंजयरावांचे पुत्र माधवराव हेच अग्रभागीं आले, हा योग इतिहासकारानें लक्षांत घ्यावा असा आहे. जन्म १९४२, पुणें. फर्ग्युसन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, आणि हार्वर्ड येथें गणिती परिसरशास्त्र व माशांचें वर्तन यांवर १९६९ सालीं डॉक्टरेट. माशांपासून निघालेली ही विद्या अरण्यांत स्थिरावली. १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अध्यापन, १९८३ सालीं तेथें परिसरशास्त्राचें केंद्र, आणि २०१० सालीं पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचें अध्यक्षपद. तिचा अहवाल २०११ चा. घाटाच्या कोणत्या भागांत काय करावें याचा अंतिम विचार ग्रामसभांपर्यंत नेला जावा, हा त्यांतील आग्रह विशेष गाजला. त्यावर वाद माजला, दुसरी समिति नेमली गेली, आणि तिनें २०१३ सालीं निराळ्या पद्धतीचा अहवाल दिला.

नगर जिल्ह्यास हा विषय दूरचा नाहीं. अकोलें तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे; १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर तेथेंच. त्या कड्यावर पडलेला पाऊस एका बाजूस प्रवरा-मुळेंतून गोदावरीस, तेथून पूर्वसमुद्रास जातो. दुसऱ्या बाजूस कोंकणांतून पश्चिमसमुद्रास. घाटघर येथें तर माथ्यावरचें पाणी वीज करण्यास कोंकणांत सोडून पुनः वर चढविण्याची योजना आहे. पित्यानें याच नदीच्या कालव्याचे लाभ मोजले; पुत्रानें तिच्या उगमाचा डोंगर कसा राखावा तें सांगितलें. दोघांत विरोध पाहण्याचें कारण नाहीं. जमा व नांवें हीं एकाच खात्याचीं दोन अंगें आहेत.

(७) सांप्रतची स्थिति

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानें पर्यावरणाचें शिक्षण सक्तीचें ठरलें. २००३ सालीं न्यायालयानें पुनः ताकीद दिल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवीधरांस लागू झाला. त्याचें पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठांतील डॉ. इराच भरुचा यांनीं लिहिलें. विषय सर्वत्र गेला. पूर्ण वेळची जागा सर्वत्र गेली नाहीं. आमच्या पाहण्यांतील कित्येक महाविद्यालयांत तो वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाच्या उरलेल्या तासांत शिकविला जातो.

पात्रता परीक्षांची मांडणीहि उद्बोधक आहे. नेट परीक्षेंत पर्यावरणशास्त्र आहे. समुद्रविज्ञान हें भूमि, वातावरण व ग्रह यांच्या शास्त्रांबरोबर एका गटांत आहे. परंतु पाण्याचें वा समुद्राचें धोरण असा स्वतंत्र विषय नाहीं. म्हणून या क्षेत्रांत येऊं इच्छिणारानें आजहि दुसऱ्या दारानेंच शिरावें लागतें : मान रसायनांतून आले, थोरले गाडगीळ अर्थशास्त्रांतून, धाकटे प्राणिशास्त्रांतून. उलट गरज मात्र कायद्यानेंच मान्य केली आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरण कायद्यांत अभियांत्रिकीच्या तज्ज्ञाबरोबर जल-अर्थशास्त्राच्या तज्ज्ञासहि स्थान आहे. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा तंटा याच प्राधिकरणापुढें गेला. २०१४ सालीं त्यानें समन्यायी वांटपाचा निर्णय दिला व २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो उचलून धरला. त्या वादांत कोणत्या पाण्याचा हिशेब धरावा हाच मुख्य प्रश्न होता. आणि हिशेब म्हटला कीं जुनी नोंद आली.

ज्या वाड्याचा आरंभीं उल्लेख केला त्याच्या धन्याचे धाकटे बंधु एका महाविद्यालयांत पर्यावरणशास्त्र शिकवितात, तेंहि तासिका तत्त्वावर. तेहि आमचेच विद्यार्थी. अकरा वर्षें ते आपल्या गांवच्या विहिरींची पातळी दर महिन्यास मोजून वहींत लिहीत आले आहेत. निवडसमितीपुढें त्यांनीं त्या वह्या नेल्या, तेव्हां छापील निबंध किती, एवढेंच विचारलें गेलें. "गुरुजी, आतां वह्या बंद करतों आणि दुसरें कांहीं पाहतों," असें ते आम्हांस म्हणाले. आम्हीं त्यांच्यापुढें तीं पेन्सिलीचीं चार पानें ठेविलीं. विहिरीच्या पाण्याच्या प्रश्नापुढें त्यांच्या आजोबांचें उत्तर होतें : पाटापूर्वीं चैत्रांत बावीस हात, आतां नऊ. पाट आल्यावर झिरप्यानें पाणी तेरा हात वर आलें, हा त्याचा अर्थ. त्याच विहिरीची चैत्रांतील पातळी त्यांच्या वहींत अलीकडे तीस हातांच्याहि खालीं गेली आहे. तें पान त्यांनीं तीन वेळां वाचलें, आपली वही उघडून शेजारीं ठेविली, आणि पुढें कांहीं बोलले नाहींत. त्या महिन्याची पातळी त्यांनीं मोजली, एवढें आम्हांस ठाऊक आहे.

(८) उपसंहार

यावरून आमचें म्हणणें असें. प्रवरेच्या पाटावर जी विद्या वाढली ती तोंडी उत्तरांच्या कागदांवर उभी होती. अहवाल छापले गेले म्हणून राहिले. ज्या कागदांवरून ते झाले ते घरोघर विखुरले आहेत. पेशव्यांच्या दप्तरांतील ताळेबंद आपण जपतों, कारण त्यांवरून कमाविसदाराचा कारभार कळतो. मग कालव्याची पाणीपट्टी, सात नंबरचा अर्ज, गुऱ्हाळाचा रोजमेळ, सहकारी सोसायटीची कर्जवही, प्रश्नावलीचें पान आणि शिक्षकाची विहिरींची वही हीं कोणत्या न्यायानें रद्दी ठरतात? त्यांना शंभर वर्षें होण्याची वाट पाहिली तर शंभरावें वर्ष पाहण्यास तीं उरणारच नाहींत.

संग्राहक मित्रांस विनंति एवढीच कीं, वाड्यांतील रुमाल सोडतांना मोडी व छापील असा भेद करूं नये. गठ्ठा आहे तसा, क्रम न मोडतां उचलावा, आणि घरांतील जन्मपत्रिका अवश्य पाहाव्या, कारण बिनतारखेच्या कागदाची तारीख त्यांत सांपडते. वरील गठ्ठ्याची यादी आम्हीं केली असून मूळ कागद घरधन्यांच्या संमतीनें सुरक्षित ठेविले आहेत. चार पानांची एक नक्कल धाकट्या बंधूंस दिली आहे. नगर जिल्ह्यांत अशीं आणखी पानें कोणास आढळल्यास त्यांनीं तीं प्रसिद्ध करावीं, म्हणजे आमचें अनुमान तपासतां येईल व चुकलें असल्यास दुरुस्त करतां येईल.